तपासणी अवयवाची, यादी मात्र फक्त महिलांची

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने देशात २०२२ मध्ये सुमारे ८० हजार जीव गेले. या कॅन्सरच्या मुळाशी जवळपास नेहमी एचपीव्ही हा विषाणू असतो. तो अंगात वर्षानुवर्षे गप बसतो. वेळीच सापडला तर माणूस वाचतो.

याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळलं.

पण जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले आणि पुरुष म्हणून जगणारे, म्हणजे ट्रान्स पुरुष, यात कुठं बसतात? पिशवी तोंडासकट काढलेली नसेल तर धोका त्यांनाही आहे. सरकारी तपासणी मात्र ३० वर्षांवरच्या महिलांसाठी. दाढी राखलेल्या माणसाने बायकांच्या रांगेत उभं राहायचं, सगळ्यांसमोर नाव सांगायचं आणि वर आतली तपासणी करून घ्यायची? मग तो जातच नाही.

यावर तोडगा आहे. दार लावून, मऊ काडीने आपला नमुना आपणच घ्यायचा आणि तो प्रयोगशाळेत द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत मान्य केली आहे. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून महिलांसह गर्भाशयमुख असलेल्या प्रत्येक पात्र व्यक्तीला ही सोय मिळते.

अमेरिकेत बोस्टनला १५० ट्रान्स पुरुषांचा अभ्यास झाला. दहातल्या नऊंहून जास्त जणांनी स्वतः नमुना घेणंच पसंत केलं. मात्र डॉक्टरांच्या नमुन्यात ज्यांना विषाणू सापडला, त्यांच्यातल्या दहापैकी साधारण सात जणांचाच स्वतःच्या नमुन्यात सापडला. म्हणजे पद्धत कामाची आहे, पण एकदा करून विसरायची नाही.

खरी गाडी पुढे अडते. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पण पुढची तपासणी दवाखान्यातच करावी लागते. तिथं हसू झालं, तर हातातला रिपोर्ट काय कामाचा?

म्हणून नुसती काडी वाटून भागणार नाही. यादीत ‘महिला’ या शब्दासोबत ‘गर्भाशयमुख असलेली व्यक्ती’ हे शब्द हवेत, आशाताई आणि नर्सताईंना तसं प्रशिक्षण हवं, आणि तपासणीला आडोशाची खोली हवी. लाजेपायी तपासणी टाळणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही याच सोयीचा फायदा होईल. विषाणू कार्डावरचं नाव बघून अंगात शिरत नाही.