‘सिग्निफिकंट’ आणि आपले ‘महत्त्वाचे’

इंग्रजी समीक्षेतून मराठीत येताना जे शब्द वाटेत निम्मे सांडतात, त्यांत ‘सिग्निफिकंट’ची गणना अवश्य करावी लागेल. आपण त्याचे सरसकट ‘महत्त्वाचे’ असे भाषांतर करतो आणि पुढे जातो. एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत कवी महत्त्वाचा असतो, संग्रह महत्त्वाचा असतो, प्रस्तावनाही महत्त्वाचीच असते. (आणि बहुधा एकाच ‘त’ने लिहिलेली. महत् आणि त्व मिळून ‘महत्त्व’ होते, हे दर वर्षी नव्याने सांगावे लागते.)

‘महत्त्व’ हा मुळात आकाराचा शब्द आहे. महत् म्हणजे मोठे. एखादी कृती महत्त्वाची म्हटली की तिचा मोठेपणा जाहीर होतो आणि लिहिणारा मोकळा होतो. ‘सिग्निफिकंट’चे कूळ निराळे. लॅटिनमध्ये ‘सिग्नम’ म्हणजे खूण. खूण करणारे, कशाकडे तरी निर्देश करणारे, ते सिग्निफिकंट. म्हणून तो शब्द वापरणाऱ्याला ‘कशाची खूण?’ असे विचारता येते. इंग्रजीतही तो सैलपणे वापरला जातो, हे खरे. पण प्रश्नाची ती जागा शब्दाच्या पोटात शिल्लक राहते.

मोठेपणा आणि निर्देश यांतला हा भेद सांख्यिकीत अधिक स्पष्ट दिसतो. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथामुळे ०.०५ ही पातळी रूढ झाली. आपल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ‘सार्थक फरक’ म्हणतात तो हाच. तेथे सार्थक म्हणजे मोठा नव्हे. नमुना पुरेसा विस्तृत असला तर क्षुल्लक फरकही सार्थक ठरू शकतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये हे जाहीर निवेदनाद्वारे पुन्हा बजावावे लागले, यावरून हा घोटाळा केवळ मराठीचा नाही हे उघड आहे.

साहित्यात तर हा भेद पदोपदी लागतो. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही कादंबरी थोर कलाकृती आहे, असे आमच्या मते म्हणता येणार नाही. तिच्यातील बोधाचा सूर आजच्या वाचकाला जाचतो. तरीही ती सिग्निफिकंट आहे. विधवांच्या दुःस्थितीचा प्रश्न निबंधातून उचलून कथेत, पात्रांच्या प्रवासात मांडता येतो, याची ती मराठीतील आरंभीची खूण आहे. उलट मर्ढेकर ‘महत्त्वाचे कवी’ आहेत, या विधानातून काहीच कळत नाही. अभंग-ओवीचा घाट यंत्रयुगातील महानगरी अनुभवाला पेलवतो का, या प्रश्नाची खूण म्हणून ‘काही कविता’ (१९४७) वाचली, की विधान तपासता येते, खोडताही येते.

प्रतिशब्द कोणता योजावा? ‘लक्षणीय’ सर्वांत जवळचा होता, कारण लक्षण म्हणजे खूणच. पण वृत्तपत्रांनी ‘लक्षणीय वाढ’ लिहून लिहून त्याला ‘भरपूर’च्या पंक्तीला बसवले. ‘अर्थपूर्ण’ फार गोड. ‘सूचक’ला डोळा मिचकावण्याची सवय जडलेली. तूर्त आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना ‘महत्त्वाचा’ खोडून ‘अमुक गोष्टीचा निदर्शक’ असे लिहायला सांगतो. निम्म्या ठिकाणी ‘अमुक’ची जागा रिकामी राहते.