मुलगी मोठ्याने बोलते? बोलू द्या!

मैत्रिणींनो, "अगं, किती मोठ्याने बोलतेस! शेजारी काय म्हणतील?" हे वाक्य आपण लेकीला दिवसातून किती वेळा ऐकवतो? आज त्या मोठ्या आवाजाचीच बाजू मांडायची आहे.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखे. (तिकडचा फुटबॉल हातात चेंडू घेऊन पळण्याचा, बरं का!) ८ ऑक्टोबर १९२१ रोजी पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना केडीकेए या रेडिओ केंद्राने मैदानावरून थेट ऐकवला. विद्यापीठीय फुटबॉलचे ते पहिले थेट समालोचन मानतात. बोलणारे हॅरोल्ड अर्लिन पेशाने इंजिनिअर होते. समालोचन कसे करतात, हे शिकवणारे तेव्हा होते कोण?

दुसरे रेड बार्बर. १९३० साली फ्लोरिडा विद्यापीठात शिकत असताना तिथल्याच केंद्रावर ते पहिल्यांदा बोलले. विषय ऐकाल तर हसाल – गाईंचे बाळंतपण! प्राध्यापक आले नव्हते, म्हणून त्यांचा निबंध यांनी वाचून दाखवला. पुढे विद्यापीठाच्या सामन्यांचे वर्णन करता करता ते देशभर गाजले. त्यांची एक युक्ती तर थेट स्वयंपाकघरातली. अंडी उकडताना लावतात ते तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ते समोर ठेवत. वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटे करायचे. कारण ऐकणारा मध्येच येतो, त्याला आधी 'किती झाले?' हेच हवे असते.

आणि बायका? कर्नल सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू इंदूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. १९७०च्या दशकात त्यांनी क्रिकेटचे समालोचन केले, तेव्हा या क्षेत्रात बाई जवळजवळ नव्हतीच. २०२१ साली त्या गेल्या.

तेव्हा तुमच्या लेकीला खेळाची आणि बोलण्याची आवड असेल, तर घरच्या घरी एवढे करून पाहा :

० टीव्हीवर सामना लावा, आवाज मात्र पूर्ण बंद. तिला दहा मिनिटे वर्णन करू द्या.

० तुम्ही पडद्याकडे पाठ करून भाजी निवडत बसा. चेंडू कुणाकडे, कुठल्या बाजूला, गुण किती, वेळ किती उरला – हे तुम्हाला कळले, तर ती पास!

० मोबाइलवर तिचे बोलणे टिपून तिलाच ऐकवा. 'म्हणजे', 'तर मग' किती वेळा आले, ते तिचे तिलाच कळेल.

० कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत माइक हाती घ्यायला तिला सांगा.

घरातली वडीलधारी कुरकुरतील. "मुलीच्या जातीला हे शोभतं का?" असेही म्हणतील. अशा वेळी वाद घालू नका. त्यांनाच पाठमोरे बसवा आणि लेकीला सामना सांगायला लावा. आजोबांनी मध्येच "मग पुढे काय झालं गं?" असे विचारले, की समजा, परवानगी मिळाली.