फाइल कुणाची, पेशंट कुणाचा?

मंडळी, मे महिन्यात आमच्या भाचीची मुलगी साताऱ्याला राहायला आली होती. सांगलीकडे बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. बॅगेत केअर प्लॅनची फाइल, आणि पानापानावर लाल शाईत एकच शब्द, 'रिपीट'.

"पेशंटला काय झालं होतं गं?" मी विचारलं.

"आजी, ऊसतोडीचे काका होते. शुगर. पायाला जखम, कडा काळ्या पडलेल्या. दुखत नाही म्हणायचे, पण न दुखणं हेच वाईट! अनवाणी फडात जायचे."

पाच मिनिटं पोरगी न अडखळता सांगत होती. फाइलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. सगळं सीनियरच्या फाइलवरून उतरवलेलं. पेशंट पुरुष, आणि मजकुरात जागोजागी 'शी' आणि 'हर'!

यावर ठरलेलं उत्तर येतं, "गावाकडच्या पोरी, इंग्रजी कच्चं." इंग्रजी कच्चं असेलही, पण दुखणं ते नाही. पाहिलं ते आपल्या शब्दांत मांडायचं, कारण द्यायचं, दुसऱ्याचं घेतलं तर तसं सांगायचं, हे तिला कुणी शिकवलंच नाही. कुणी म्हणजे आम्हीच! तीसेक वर्षं मी फळ्यावर निबंध लिहून दिले, मुलांनी पाठ केले, मी मार्क दिले. आता त्याच मुलींनी विद्यापीठात एकदम स्वतःचं लिहावं, आणि पुढे संशोधनाचा विषयही पेलावा, ही अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

दुसरे म्हणतात, "नर्सला लिहायचं काय? इंजेक्शन देता आलं की झालं." डॉ. वॉन्लेसांनी 1894 साली मिरजेत इस्पितळ उभं केलं, त्या मुलखात असं बोलवतं तरी कसं? रात्रीच्या सिस्टरनं लिहिलेलं वाचूनच सकाळची सिस्टर काम सुरू करते. नाइटिंगेलबाईंनी क्रिमियाच्या युद्धानंतर आकडे मांडून दाखवलं, की सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मेले. 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं. हातात दिवा होता, तशी लेखणीही होती.

म्हणून वेगळे 'इंग्रजी सुधार' वर्ग नकोत. पहिले काही महिने पेशंटबद्दल आधी तोंडी सांगू द्या, मग मराठीत दहा ओळी, मग छोट्या वाक्यांत इंग्रजी. नर्सिंगच्या बाई आणि इंग्रजीचे सर यांनी निदान एक फाइल शेजारी बसून तपासावी. 'रिपीट' लिहिण्याऐवजी कुठलं वाक्य चुकलं आणि का, ते लिहावं. एकेका बाईंपुढे फायलींचा ढीग असतो, कबूल. मग फायली कमी घ्या, पण वाचा!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर बसलो. तिनं आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत. स्पेलिंगच्या चार चुका निघाल्या. पण काळ्या कडांची जखम आणि अनवाणी पाय, दोन्ही कागदावर उतरले होते.

असो. तुमच्या घरात अशी एखादी फाइल असेल, तर मार्क बघण्याआधी एवढंच विचारा, "यात तुझा पेशंट कुठे आहे?"