लग्नसराई आणि तान्हे बाळ

एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे ऐन लग्नसराई. धाडहून बुलढाण्याला किंवा राजूर घाट उतरून मोताळा-मलकापूरकडे वऱ्हाड निघते ते भर उन्हात. घाटाखाली पारा ४२ अंशांच्या पुढे सहज जातो. मांडीवर तीन-चार महिन्यांचे बाळ, आणि झळ लागू नये म्हणून ते डोक्यापासून पायापर्यंत दुपट्यात गुंडाळलेले! हे गुंडाळणे आमच्या मते उन्हाइतकेच घातक. तान्ह्या बाळाला घाम कमी येतो. अंगातली उष्णता बाहेर पडायची ती कपड्यातच कोंडते. पातळ सुती झबले पुरे. तोंड उघडे ठेवावे, सावली छत्रीने करावी.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी, ग्लुकोज वा सरबत देऊ नये. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते. मात्र ते वरचेवर पाजावे व आईनेही भरपूर पाणी प्यावे. (मांडवात पाजायला आडोसा नसतो. यजमानांनी तेवढी सोय करायला काय हरकत आहे?)

म्हणून बाळाला घरातच कोंडावे असेही नाही. दुपारी तापलेल्या पत्र्याखालच्या खोलीपेक्षा कडुनिंबाची दाट सावली बरी. फिरवायचे तर सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर.

बाळ मलूल झाले, दूध ओढेना, सहा तासांत लघवी नाही, अंग फार तापले, तर कपडे काढून साध्या पाण्याने अंग पुसावे आणि लगेच दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. दृष्ट काय, नंतरही काढता येते.