सर्व्हिस थोडी राहिली आहे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भाच्याने एक जुनी मोटारसायकल घेतली. १०० सीसीची, २०१६ सालची, एमएच-१४ पासिंगची. भाचा आमच्याच दुकानात बसतो आणि लोणावळा-कामशेतपासून नाणे मावळ, पवन मावळातल्या शिंप्यांपर्यंत कापड पोहोचवतो. नवी गाडी हप्त्यावर घेतली तर व्याज आले. आपले पुष्कळ बांधव याच कारणाने जुन्या गाडीकडे वळतात आणि त्यात वावगे काही नाही. सौदा ३४ हजारांना ठरला. विकणारा ओळखीचा होता. गाडी पुसून चकाचक केलेली, सीटला नवे कव्हर. चावी हातात देताना तो एवढेच म्हणाला, "शेठ, सर्व्हिस थोडी राहिली आहे, बाकी गाडीत बोलायला जागा नाही."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात भाचा गणवेशाच्या कापडाचे दोन गठ्ठे बांधून खोपोलीला निघाला. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे जुन्या रस्त्याने बोरघाट उतरावा लागतो. पाऊस होता, धुके होते. शिंगरोबाच्या देवळाच्या पुढे उतारावर चेन उतरली, चक्रात अडकली आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. मुलगा डोंगराच्या बाजूला पडला म्हणून वाचला, दरीकडची बाजू असती तर हा लेख आम्ही लिहिला नसता. गळपट्टीचे हाड मोडले, दीड महिना हात गळ्यात. दोन्ही गठ्ठे चिखलात गेले. गाडी मिस्त्रीकडे उघडली तेव्हा चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, ब्रेकशू, क्लचप्लेट आणि पुढे पिस्टन रिंगपर्यंत काम निघाले. एकूण १५ हजारांच्या वर खर्च झाला. दवाखाना वेगळा, कापड वेगळे.

मग आम्ही गाडीसोबत आलेले सर्व्हिसचे पुस्तक उघडून पाहिले. ते आधी उघडायला हवे होते, हे कबूल आहे. शेवटचा शिक्का २१ हजार किलोमीटरला, तोही चार वर्षांपूर्वीचा. काटा दाखवत होता ३४ हजार. म्हणजे १३ हजार किलोमीटर गाडी धावली, ती कोणत्या तेलावर आणि कोणाच्या हाताखाली धावली याचा एक ओळ पुरावा नाही. आम्ही विकणाऱ्याला गाठले. त्याने शांतपणे उत्तर दिले, "मी तर सांगितलं होतं ना शेठ, सर्व्हिस राहिली आहे म्हणून."

त्याचे हे वाक्य खोटे नव्हते. आमचा आजचा विषय त्या वाक्यातला "थोडी" हा शब्द आहे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो. तेव्हा कायद्याची भाषा आमच्याकडून नीट मांडली जाईलच असे नाही, पण एका वकील मित्राने समजावले ते असे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात फसवणूक कशाला म्हणावे ते दिले आहे आणि तिथेच असेही म्हटले आहे की, बोलणे बंधनकारक असल्याखेरीज नुसते गप्प बसणे ही फसवणूक होत नाही. उदाहरण घोड्याचे आहे. लिलावात घोडा विकणाऱ्याला ठाऊक आहे की जनावर रोगी आहे, तो काही बोलला नाही, तर कायदा त्याला फसवणारा म्हणत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचाही सर्वसाधारण रोख हाच, की घेणाऱ्याने आपले डोळे उघडे ठेवावेत. अपवाद आहेत, पण ओळखीतल्या माणसाकडून जुनी गाडी घेणारा त्यात सहसा बसत नाही. तेव्हा कोर्टकचेरीच्या हिशेबाने आमचा विक्रेता सुटला. त्याने तर गप्प बसण्यापेक्षा अर्धे शब्द जास्तच वापरले होते.

शरीयतचा हिशेब निराळा आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे. व्यापाऱ्याने पावसाचे कारण दिले. पाऊस पडला हे खरेच असणार. पण त्यांनी विचारले ते हे की, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? लोणावळ्यात राहणाऱ्याला हा प्रसंग जरा जास्तच लागतो. इथे चार महिने पाऊस असा कोसळतो की टाकीच्या आतून गंज धरतो, आणि विकणारा टाकीला बाहेरून रंग मारतो.

आता कोणी म्हणेल, सर्व्हिस थकणे हा ऐब कसा? गाडी तर चालत होती. यावर हनफी फिकहच्या हिदाया या ग्रंथात जो निकष आहे तो आम्हा व्यापाऱ्यांसाठीच लिहिल्यासारखा आहे. व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्या गोष्टीने मालाची किंमत उतरते तो ऐब. हा निकष लावून पाहा. सारख्याच दोन गाड्या, सारख्याच सालच्या, एकीचे तेल वेळच्या वेळी बदलल्याचा पुरावा आहे आणि दुसरीचा नाही. तळेगाव असो वा कामशेत, जुन्या गाड्यांचा कोणताही दलाल दोन्हींना एकच भाव देणार नाही. किंमत उतरली, म्हणजे ऐब ठरला. मग तो किती आहे हे सांगणेही विकणाऱ्यावर आले. "थोडी राहिली आहे" म्हणणे आणि "चार वर्षांत तेरा हजार किलोमीटर शोरूमचे तोंड पाहिलेले नाही, चेन एकदाही बदललेली नाही" म्हणणे, यात पाच-सात हजारांचा फरक आहे. तो फरक विकणाऱ्याच्या खिशात गेला.

"जशी आहे तशी, नंतर तक्रार नाही" या अटीवर सौदा केला तर? हनफी मसलकात अशी अट धरली जाते, तरी जाणूनबुजून ऐब लपवण्याचा गुन्हा त्याने धुतला जात नाही. आमच्या घाटाखालच्या कोकणी बांधवांच्या शाफई मसलकात तर ही सूट फारच अरुंद आहे, माहीत असलेला ऐब झाकून विक्रेता सुटत नाही. बारकावे उलेमांना विचारावेत, आम्ही कापडवाले आहोत.

कापडवाले म्हणून मात्र एक गोष्ट अधिकाराने सांगू शकतो. ताग्यात कुठे ताणा तुटला असेल, डाग असेल, तर त्या जागी किनारीला दोरा बांधलेला असतो आणि तेवढ्या कापडाची सूट मापात धरली जाते. दोरा पाहून कोणी ताग्याला नाक मुरडत नाही. त्रास होतो तो दोरा तोडून आलेल्या ताग्याचा, कारण शिंपी कापड कापून मोकळा होतो आणि मग डाग समोर येतो. सर्व्हिसचे पुस्तक हा गाडीचा दोरा आहे. आम्ही तीस वर्षे तागे उजेडात उलगडून घेत आलो आणि भाच्याची गाडी घेताना तेलाची काडी बाहेर काढून पाहिली नाही. ओळखीचा माणूस, त्यात आमची घाई.

आमची स्वतःची पाटीही कोरी नाही. २००९ साली आम्ही आमची जुनी स्कूटर एका रजई शिवणाऱ्या कारागिराला विकली. ती तेल खात होती, सकाळी निळा धूर टाकत होती, हे आम्हाला पक्के ठाऊक होते. आम्ही ती दुपारी दाखवली, इंजिन गरम असताना, आणि म्हणालो, "पाहून घ्या." त्याने पाहिले. त्याला काय कळणार होते? पुढे त्याने इंजिन उघडून घेतल्याचे कानावर आले, तेव्हा आम्ही विषय बदलला. भाचा दवाखान्यात असताना हे आठवले. आम्ही त्याच्याकडे गेलो, रक्कम पुढे केली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "शेठ, त्या दिवशी इंजिनला हात लावला तेव्हाच कळलं होतं. मला गाडीची गरज होती." ती रक्कम आम्ही त्याच्या खात्यावर जमा मांडून ठेवली आहे, तो अस्तर न्यायला आला की वळती करू म्हणतो. अजून आलेला नाही.

आता घेणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. गाडी थंड असताना पाहावी, हात लावून खात्री करावी. सुरू करताच निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. तेल काळे असणे वेगळे आणि काडीच्या खुणेखाली असणे वेगळे. या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर यांना मिळून साधारण एक लिटरच तेल असते, ते कमी पडले की तिन्हींची झीज होते. तेलात दुधाळ पांढरेपणा दिसला तर पाणी शिरले आहे, मावळात हे पावसाळ्यानंतर आवर्जून पाहावे. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढावी. ती दातांवरून सुटून उचलली जात असेल, किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील, तर पूर्ण सेटचा खर्च धरावा. मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे आणि हँडल हळूहळू फिरवावे, मध्यावर अडकल्यासारखे वाटले तर कोनसेट गेला. काट्यावर फार विसंबू नये, केबल काढून ठेवली की काटा झोपतो. पायरबर आणि गिअरच्या दांड्याची झीज पाहून अंदाज येतो. मिस्त्रीला दोन-तीनशे रुपये देऊन सोबत न्यावे आणि निघालेला खर्च सौद्याआधी कागदावर मांडून भावातून वजा करावा. सौद्यानंतर मांडलेल्या हिशेबाला विकणारा काय उत्तर देतो ते वर आलेच आहे.

पुस्तकात शिक्का नाही म्हणजे सर्व्हिसच झालेली नाही, असे मात्र धरू नये. फुकट सर्व्हिसची कुपने संपली की आपल्याकडचे लोक शोरूमला जात नाहीत, नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जातात, आणि तो काम चोख करतो. पण कागद देत नाही. आपले कितीतरी बांधव या धंद्यात आहेत, त्यांना आमची विनंती आहे. तारीख, काट्याचा आकडा, घातलेले तेल आणि बदललेले सुटे भाग एवढे चार शब्द चिठ्ठीवर लिहून सही करून द्या. गिऱ्हाईक गाडी विकेल तेव्हा ती चिठ्ठी त्याला दोन-तीन हजार मिळवून देईल आणि पुढचा मालक चिठ्ठीवरचे नाव वाचत तुमच्याकडेच येईल. "कोण लिहीत बसतो मामू" असे आम्हाला एका उस्तादाने ऐकवले. आम्ही म्हटले, मीटरभर अस्तराचीही आम्ही पावती फाडतो.

कागदांबद्दल एक गोष्ट विकणाऱ्यांच्या हिताची आहे. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी देऊन टाकण्याची सवय फार वाईट. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले की, गाडी हातोहात कितीही जणांना विकली गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. घेणाऱ्याने आरसीवर बँकेचा बोजा आहे का, चलन थकले आहे का, विमा चालू आहे का ते पाहावे, चेसिस आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावेत, आणि विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला टाकावा.

भावाचेही सांगून टाकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र अजून आपल्या मनातल्या भावालाच धरून बसलेला आढळतो. त्याच्यासमोर नव्या गाडीचा आजचा भाव ठेवूनच बोलणीला बसावे.

भाच्याचा हात आता बरा आहे, पण त्या गाडीवर बसायला तो तयार नाही. गाडी विकायला काढली आहे. बोरघाटातला अपघात, बदललेले भाग, मिस्त्रीची चिठ्ठी, आणि अजून न केलेले काम (पुढच्या फोर्कचे सील पाझरते) हे सगळे एका वहीत लिहून ती वही आम्ही सीटखाली ठेवली आहे. मागच्या आठवड्यात दोघे येऊन पाहून गेले. एकाने वही वाचून चार हजार कमी सांगितले, दुसरा अपघाताचे पान वाचून चहा न घेताच उठला. चार हजारवाल्याला आम्ही तीन म्हटले आहे. तो शुक्रवारनंतर येतो म्हणाला.