आडरस्त्यानं जा म्हणणाऱ्यांना

शहाणी माणसं आता सायकलवाल्याला शहाणपण शिकवायला लागलीत. मोठ्या रस्त्यानं जाऊ नका, म्हणे. तिथं धूर असतो. आतल्या गल्लीनं जा, फुप्फुसं वाचतील. सल्ला खोटा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर म्हणाल, पोरगं मॅट्रिकला थांबलं, त्याला विज्ञान काय कळतंय. कळतं. सायकल हाणणारा माणूस गाडीत बसलेल्यापेक्षा मिनिटाला दोन ते चारपट हवा छातीत ओढतो. चढ लागला, कॅरियरवर ओझं असलं, की त्याहून जास्त. डिझेलच्या धुरातले कण इतके बारीक की एका केसाच्या जाडीत तीस सहज मावतील. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना काय अडवणार? आणि रस्त्यापासून शे-दोनशे मीटर बाजूला सरकलं की हा धूर पुष्कळ उतरतो, हेही खरंच. कॅनडात व्हँकुव्हरला तर विद्यापीठानं सायकलवाल्यांसाठी नकाशाच बनवला. कमी चढाचा रस्ता पाहिजे का कमी धुराचा? बोट ठेवा आणि निघा.

बोट ठेवा आणि निघा! जालन्यात कुणी बोट ठेवायचं, आणि कशावर?

मी न्हावा-शेवाला गोदीत ओझी उचलतो. परदेशातलं भंगार कंटेनरमधून इथं उतरतं, आणि त्यातलं कितीतरी माझ्याच गावाला जातं. जालन्याच्या भट्ट्यांत ते वितळतं, त्याची सळई होते, आणि त्या सळईवर मुंबई-पुण्याचे टॉवर उभे राहतात. म्हणजे भंगार ट्रकनं येणार, कोळसा ट्रकनं येणार, सळई ट्रकनं जाणार. आणि ह्या सगळ्या ट्रकांच्या बुडाला बूड लावून, त्याच औरंगाबाद रोडनं (कागदावर आता संभाजीनगर रोड) सकाळच्या पाळीच्या सायकली निघणार. ज्याला मोटारसायकलचा हप्ता झेपला तो सुटला पुढं. सायकलवर उरला तो भट्टीपुढचा, भंगार निवडणारा, झाडू मारणारा. त्यांची आडनावं विचारा एकदा. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामगारांपैकी शंभरात तेरा सायकलनं कामावर जाणारे निघाले, कारनं जाणारे तीनसुद्धा नव्हते. पण रस्ता रुंद करायचा कुणासाठी, तर त्या तिघांसाठी.

गोदीत यायच्या आधी मीही दोन वर्षं एका मिलमध्ये जात होतो. मागून शिवारातून एक पाणंद होती. हवा चांगली, बाभळी, पाखरं, कविता सुचावी असा सगळा सरंजाम. पण दोन किलोमीटर जास्तीची. पावसात चाकाला काळ्या मातीचा गोळा बसायचा, मग सायकल माझ्या खांद्यावर. रात्रपाळी सुटली की मिट्ट अंधार, वर कुत्री. आणि दहा मिनिटं उशीर झाला की मुकादम अर्धी हजेरी उडवायचा. मग सांगा, मी धुराचा रस्ता निवडला का? च्यायला, निवडायला दोन गोष्टी हातात लागतात. माझ्या हातात एकच होती, अर्धी हजेरी.

आणि आडरस्ता आम्हाला नवा नाही दोस्तहो! माझ्या आज्याच्या पिढीला वाड्यापुढून सायकलवर बसून जायची चोरी होती. उतरायचं, मान खाली घालायची, सायकल ढकलत न्यायची. त्यापेक्षा बांधाबांधानं गेलेलं बरं, म्हणून आमची माणसं लांबच्या वाटेनं जायची. वायकोमला १९२४-२५ साली देवळाभोवतीच्या नुसत्या रस्त्यावरून चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेव्हा रस्त्याची निवड ही काय चीज असते ते आम्हाला शिकवू नका. आमची वस्तीसुद्धा कितीतरी गावांत पूर्वेच्या अंगाला. का? तर वारा पश्चिमेचा, आमच्या अंगावरून गेलेला गावाला लागू नये. गावाचा धूर आमच्या चुलीवर आला तर चालतो. काल बाट लागू नये म्हणून आडवाट, आज तब्येतीसाठी आडवाट. हमरस्ता दोन्ही वेळा दुसऱ्याचाच.

सरकारला काही ठाऊक नाही असं समजू नका. २०१९ साली देशात हवा शुद्ध करायचा कार्यक्रम निघाला, त्यातल्या हवा बिघडलेल्या शहरांच्या यादीत जालन्याचं नाव आहे. पैसा आला. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं २०२४ साली देशभराचा हिशेब मांडला. शंभरातले चौसष्ट रुपये रस्त्याची धूळ बसवण्यात गेलेले, आणि कारखान्यांच्या धुरावर एक रुपयासुद्धा नाही. धुराड्याला हात लावायची छाती नाही, म्हणून रस्त्यावर पाणी मारायचं! मोजमापाचीही तीच तऱ्हा. यंत्र बसवायचं इमारतीच्या डोक्यावर आणि हिशेब धरायचा चोवीस तासांच्या सरासरीचा. पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा आपल्याकडं ४०, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते ५. पण ह्या दोन्ही आकड्यांत तो सकाळचा अर्धा तास कुठं आहे, जेव्हा पाळी भरते, ट्रक तुंबतात आणि सायकलवाल्याचं तोंड नेमकं पाइपाच्या उंचीवर येतं?

जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२ ला खुला. सायकलला बंदी, दुचाकीलाही बंदी. ठीक आहे, त्या वेगात आम्हाला मरायचं नाही. पण ज्यांना एवढा गुळगुळीत रस्ता ओढता येतो, त्यांना ती दोन किलोमीटरची पाणंद पक्की करता येत नाही?

मागायचं ते उघड मागू. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूची पाणंद डांबरी करा, दिवे लावा, आणि मागून एक फाटक ठेवा, म्हणजे चांगल्या हवेचा रस्ताच जवळचा होईल. पाळी भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास ट्रक बाहेर थांबवा. त्याच वेळी, सायकलच्या हँडलच्या उंचीवर हवा मोजा आणि आकडा मिलच्या फाटकावर खडूनं लिहा. उशिराची अर्धी हजेरी बंद करा.

हे होईपर्यंत आडरस्त्याचा सल्ला देणाऱ्या साहेबांनी महिनाभर सकाळी सातला चंदनझिऱ्याला यावं. सायकल माझी, हवा भरून देतो.