हिला परवडतं कसं?

आमच्या यवतमाळात हल्ली हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत, अगदी दवाखान्याच्या बाकड्यावरसुद्धा एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "माय वो, हे पोट्टी तर घरीच राह्यते ना? मंग इतका पैसा येते कुठून?"

पोट्टी म्हणजे मोबाइलमधली. पंचविशीची, कडेवर बाळ, मागे पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, अंगात रोज नवा कुर्ता. बायका हा प्रश्न हेव्याने विचारतात, पुरुष डोळे बारीक करून. उत्तर दोघांनाही नकोच असतं. हेवा करणारीला हिशेबाचा कंटाळा येतो आणि डोळे बारीक करणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं. (नातेवाईक मंडळी, तुमच्यातले दोघे-तिघे कोण ते मी सांगत नाही.)

माझं म्हणणं असं की प्रश्न चांगला आहे. तो नीट विचारा म्हणजे झालं.

व्हिडिओ लोकांनी पाहिला की पैसे सुरू, असा आपला समज. तसं नसतं हो. यूट्यूबच्या जाहिरातींमधला वाटा मिळायला आधी १००० सबस्क्रायबर लागतात, वर वर्षभरात ४००० तास पाहिलं जावं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. इन्स्टाग्रामवर बहुतेक कमाई कंपन्यांकडूनच. खातं छोटं असेल तर कंपनी पैसेही देत नाही, नुसती वस्तू देते. कुर्ता घ्या, रील करा. याला कोलॅब म्हणतात. आजीच्या काळी कुंभार-न्हावी धान्यावर काम करायचे, त्याला बलुतं म्हणत. नाव तेवढं बदललं.

सरकारने हे ओळखलंय बरं का. जुलै २०२२ पासून अशा भेटी वर्षाला २० हजारांच्या वर गेल्या की १० टक्के टीडीएस लागू झाला. वस्तू वापरून परत केली तर मात्र ती भेट धरायची नाही, असा खुलासाही आला. तेव्हा तो रोजचा नवा कुर्ता संध्याकाळी घडी होऊन परत खोक्यात जातही असेल!

मग बाकीचं कोण भरतं? नवऱ्याचा पगार. सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला फ्लॅट. बँकेचा हप्ता. आणि कॅमेऱ्यात कधीही न येणारी भांडीवाली मावशी.

यात पाप काही नाही. नवऱ्याच्या पगारावर संसार आपल्या आयांनीही केले. माझा राग लपवण्यावर आहे. फुकट मिळालेल्या क्रीमची तारीफ करताना ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला हवं, हे जाहिरात परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सांगून झालं. सासऱ्यांच्या फ्लॅटवर मात्र कुठलाच शिक्का नसतो. "लवकर उठा, नियोजन करा, तुम्हालाही जमेल" एवढंच ऐकू येतं. कसं जमेल? फ्लॅट कुठाय?

कोणी म्हणेल, अहो, हेही कामच आहे. अगदी मान्य. मधुराज रेसिपी २००९ पासून चालू आहे, त्या नावाचे मसाले विकले जातात. तो धंदा आहे आणि धंदा म्हणूनच दिसतो. तिथे कोणी मला घरबसल्या आपोआप फुलणाऱ्या सुखाचं स्वप्न विकत नाही.

हे सगळं लिहायला कारण आहे. दारव्ह्याकडची आमची एक सून. डी.एड. झालेली, दोन वर्षांचं लेकरू, शाळेची नोकरी लग्नात सुटली. तिने बचत गटातून कर्ज काढून मोबाइल आणि तो गोल दिवा घेतला. महिन्याचा हप्ता १९००. लाडकी बहीणचे येतात १५००. वरचे ४०० फॉल-पिको करून काढते. चार महिन्यांत कमाई शून्य, आणि घरात रोज कटकट की ही दिवसभर करते काय?

काय करते? २०२४ च्या केंद्राच्या वेळ-वापर पाहणीत बायकांची घरातली बिनपगारी कामं दिवसाला २८९ मिनिटं भरली, पुरुषांची ८८. आमच्याकडे यात कापूस वेचणीचा हंगाम मिळवा. घरच्या शेतात वेचलं तर त्याची मजुरी कोणी मोजत नाही, आणि मग तीच बाई "घरी राह्यते". मोबाइलमधलीला परवडतं कसं हे विचारणाऱ्यांनी कधी हेही विचारावं, की आपल्याला हे घर परवडतं ते कोणाच्या फुकट मिनिटांवर?

याच यवतमाळात जानेवारी २०१९ मध्ये ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. नवऱ्याने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत मदतनीस म्हणून राबणारी बाई. मंचावर उभं राहून त्या एकटीने ओढलेल्या संसाराबद्दल बोलल्या. टाळ्या खूप झाल्या. पण संध्याकाळी शेजारणीने आपल्या सुनेपुढे नाव काढलं ते पांढऱ्या स्वयंपाकघराचंच!

असो. आमच्या सुनेला मी दिवा विकून टाक असं सांगणार नाही. तो तिचा आहे, हप्ता तीच फेडते. तिला म्हटलं, एकदा हिशेबाचाच व्हिडिओ कर. १९००, १५००, ४००. फॉल-पिकोचं मशीनही दाखव. ती हसली, म्हणाली, "मामी, असं कोण पाह्यते?"

मी पाहीन. आणि दिग्रसच्या काकू, तुमचा फोन येण्याआधीच सांगते, ती कोण हे विचारू नका. विचारायचंच असेल तर तिच्याकडे फॉल लावायला साड्या देता का ते सांगा, पोचत्या करते.